चायना ग्रासमधली चौथी गाठ

मुलुंडच्या बाजारात आमच्या बाई शिरल्या की नारळवाले पाटीवर गोणपाट ओढून घेत. खोटं नाही सांगत, या डोळ्यांनी पाहिलंय. कारण बाई नारळ विकत घेत नसत, नारळाची तोंडी परीक्षा घेत. मधल्या बोटाचं पेर टेकवून टकटक, कान खाली, डोळे मिटलेले, आणि मग निकाल सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. "हा बरा आहे. याच्यात पाणी कमी. आणि हा नासका. हा विकू नकोस रे, पाप लागेल!" मागे उभी असलेली गिऱ्हाइकं मग त्या नारळाकडे ढुंकून तरी बघतील का? एक नारळवाला रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "बाई, हवा तो फुकट न्या, पण जाहीर नका करू!"

नारळावरच थांबत असत्या तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण बाई कशावरही टकटक करत. कलिंगड, बेकरीतला पाव, लग्नाच्या स्टेजचा खांब, नव्या सोसायटीची भिंत. "सिमेंट खाल्लंय यात कुणीतरी," असं एका बिल्डरला त्यांनी वास्तुशांतीच्या पंगतीत सांगितलं, आणि वर जिलबी मागून घेतली. त्यांच्या लग्न न होण्याबद्दल तर एक दंतकथाच होती. पाहायला आलेल्या मुलाच्या छातीवर म्हणे त्यांनी टकटक केलं, कान लावला, "पोकळ" म्हणाल्या आणि पोह्यांची बशी उचलून आत निघून गेल्या. मी एकदा धीर करून विचारलं होतं, हे खरं का? बाई थोडा वेळ आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "पोहे चांगले झाले होते."

ठेंगणी मूर्ती, हातमागाचं पातळ, पुरुषी मनगटी घड्याळ, आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. विजेची तार जिवंत आहे का ते बघायचा, पिवळ्या मुठीचा. बाकीच्या बायका जिथं अबोलीचा गजरा माळतात तिथं हा. वर एक आवडतं वाक्य, जे त्या माणसांबद्दलही वापरत आणि वस्तूंबद्दलही: "वरून सगळेच गुळगुळीत असतात गं."

बाई एका कारखान्यात ओतीव लोखंड तपासत. पंपाचं झाकण ओतून आलं की आत तडा गेलाय का, हवेचा बुडबुडा राहिलाय का, हे ते न फोडता सांगायचं. त्यासाठी एक यंत्र होतं. कानाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात सोडायचा. वाटेत काही आडवं आलं की तो माघारी फिरतो आणि पडद्यावर रेघ उठते. म्हणजे टकटकच, फक्त शिकलेली.

आणि एके दिवशी त्यांच्या कारखान्यातली टेलिफोन ऑपरेटर छातीतल्या गाठीसाठी इस्पितळात गेली. त्या काळी रीत अशी होती की बाईला भूल द्यायची, गाठ उघडून बघायची, वाईट निघाली तर त्याच भुलीत सगळं काढून टाकायचं. सही आधीच घेतलेली. झोपताना बाईला माहीत नसे की उठल्यावर आपण किती उरलेल्या असू. ती ऑपरेटर बाईंना म्हणाली होती, "शुद्धीवर आले आणि डोळे उघडायच्या आधी हात छातीकडे गेला." तिची गाठ साधी निघाली, ती हसत परत आली. पण बाई हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून म्हणाल्या, "पंपाच्या झाकणाला आधी विचारतात, मग फोडतात. बाईला आधी फोडतात, मग विचारतात. हा कुठला न्याय?"

कारखान्यानं जुनं यंत्र काढून टाकलं तेव्हा बाईंनी ते उचललं, पाठोपाठ नोकरी सोडली आणि मुलुंडच्याच एका औद्योगिक वसाहतीत अर्धा गाळा भाड्यानं घेतला. उरलेल्या अर्ध्यात एक गुजराती शेठ पॉवर प्रेसवर डब्यांची झाकणं ठोकत.

मी तेव्हा फिजिक्स घेऊन नुकती बी.एस्सी. झालेली, लग्नाळू, आणि वहिनीच्या मते घरातली सगळ्यात जास्त जागा अडवणारी वस्तू. वहिनी मालवणकडची, जिभेला सदा फोडणी दिलेली. बाईंना मदतनीस हवी आहे हे तिनंच शोधून काढलं. "जा वन्सं," म्हणाली, "दोन वेड्या एका गाळ्यात राहिलात तर मुलुंडला तेवढीच शांतता."

तर ते यंत्र! एक लाकडी बाकडं, त्याला मधोमध गोल भोक. (सुतारानं विचारलं, "बाई, भोक कशाला?" बाई म्हणाल्या, "ऐकायला." त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.) भोकाखाली कोमट पाण्याचा टब. तपासून घ्यायला आलेल्या बाईनं बाकड्यावर पालथं झोपायचं, स्तन भोकातून पाण्यात. टबाच्या तळाशी रुपयाएवढी एक चकती आवाज सोडत आणि परतलेला झेलत या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायची. ती सरकवायला शिलाई मशीनचं पॅडल, आणि पॅडल मारायला मी. पलीकडे काळ्या पडद्याच्या आत बाई, अंधारात लुकलुकणाऱ्या ठिपक्यासमोर. तो ठिपका हळूहळू चित्र काढत जाई आणि कॅमेरा डोळा उघडा ठेवून ते सगळं एका फोटोत साठवी. फोटो मी गाळ्याच्या मोरीत धुवायचे.

हवेशी मात्र या आवाजाचं वैर. हवा दिसली की तो तिथंच पाठ फिरवणार. म्हणून पाणी उकळून गार केलेलं. आणि शेठचा प्रेस चालू असला की टबात लाटा उठत, म्हणून आमचं सगळं संशोधन प्रेसच्या जेवणाच्या सुट्टीत. कामगार डबे उघडत आणि आम्ही यंत्र. परदेशातही कुणी असलंच काही करतंय असं पुढं एका मासिकात बाईंना सापडलं, तेव्हा त्या दिवसभर खूश होत्या. "म्हणजे मी वेडी नाही. निदान एकटी वेडी नाही."

पहिल्यांदा त्या स्वतः झोपल्या, मग मी. पण बाकीच्या बायका आणायच्या कुठून? मुलुंडच्या बायकांना काय सांगायचं, या बाकड्यावर पालथ्या झोपा म्हणून? तेव्हा बाईंनी एक अफलातून डाव टाकला. संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. गाळ्यातच. आणि वाण काय लुटलं? टेस्टर! पिवळ्या मुठीचा, एकेकीला एकेक. पुढं कित्येक घरांत फ्यूज उडाला की नवरे बायकोकडे हात पसरत. वहिनीनं तिळगूळ घेतला, टेस्टर घेतला, टबाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, या टबात मी चादरी भिजवीन. मला नाही."

पण काही जणी आल्या. पहिल्या आल्या आमच्या तळमजल्यावरच्या काकू. मी पॅडल मारायला लागले, आणि पडद्याआडून बाईंचा आवाज आला. अगदी हळू, "इकडे ये गं." मी डोकावले. पडद्यावर लखलखीत ठिपक्यांची एक लांबच लांब माळ, आणि तळाशी दोन चकाकते गोळे. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकं भयंकर दुखणं त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मी वाकून टबात पाहिलं, आणि तिथंच फतकल मारून हसत सुटले. काकूंचं मंगळसूत्र! भोकातून खाली लोंबून पाण्यात निवांत डुंबत होतं, दोन वाट्यांसकट. काढून ठेवा म्हणायची सोय नव्हती. त्या काळात ते कुणी काढलंच नसतं. तेव्हापासून नियम झाला, बाकड्यावर चढण्याआधी मंगळसूत्र पाठीवर फिरवायचं आणि रिबिनीनं बांधायचं.

दुसरी बाई आली तर पडदा सगळाच आंधळा. कारण काय? घराबाहेर पडायचं म्हणून तिनं अंगभर पावडर थापलेली, आणि पावडरीत हवा! बाईंनी दारावर पाटी लावली, "पावडर लावून येऊ नये." त्यावर दोघी जणी रुसून परत गेल्या. म्हणे, घामट अंगानं का कुणाकडे जायचं?

असं आमचं हसतखेळत चाललं होतं. चित्रं हळूहळू स्वच्छ यायला लागली होती. आत नुसतं पाणी असेल तर आवाज आरपार जातो, गाठ काळीकुट्ट दिसते आणि पलीकडची कड लख्ख. भरीव गाठ मात्र आतूनच कुरकुरते, पडद्यावर राखाडी उमटते. भरीव चांगली की वाईट हे यंत्राला कळत नसे, आणि बाई ते कधी ओढूनताणून सांगत नसत. पण पाणी की भरीव, एवढं ते सांगू शकेल अशी त्यांची खात्री होत आली होती.

आणि मग एका सकाळी वहिनी स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "वन्सं, जरा इकडे या." आवाजात फोडणी नव्हती. मी समजले.

घाटकोपरच्या एका इस्पितळातले सर्जन होते. वयानं बाईंएवढेच, त्यांच्यासारखेच बिनलग्नाचे, पण रुबाब असा की कंपाउंडरसुद्धा चवड्यांवर चालत. त्यांनी वहिनीच्या छातीतली गाठ चाचपली, येत्या सोमवारची वेळ दिली आणि सहीचा कागद पुढं सरकवला. वहिनीनं पेन घेतलं. तिची दोन पोरं घरी, धाकटा अजून मांडीवरचा. पेन तसंच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. बाई बरोबर आल्या होत्या. त्या काय करत होत्या? डॉक्टरांच्या टेबलावर टकटक!

"डॉक्टर, तुमचं टेबल आतून पोकळ आहे. वाळवी."

"तुम्ही कोण?"

"मी लोखंड तपासते. आता बायका तपासते. ही गाठ पाण्याची आहे की भरीव, ते मला आधी बघू द्या."

"माझ्या बोटांना कळतं ते."

"मग सांगा, पाणी की भरीव?"

डॉक्टरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. बोटांना ते कळत नव्हतं, आणि माणूस खोटं बोलणारा नव्हता. एवढ्यावरच खरं तर मला तो आवडायला लागला. मग खुर्चीत मागे रेलून ते म्हणाले, "ठीक आहे. शनिवारी मी एक वस्तू घेऊन येतो. आत काय आहे ते न कापता सांगा. चुकलात तर सोमवारी ऑपरेशन, आणि तुमचं यंत्र भंगारात."

"आणि बरोबर आलं तर?"

"तर तुमचं यंत्र पाणी म्हणेल तिथं मी सुरीआधी सुई घालीन."

वहिनीनं पेन खाली ठेवलं. "बाई," बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुमच्या यंत्रावर माझी एक बाजू पणाला लावलीत हां तुम्ही."

शनिवारी जेवणाचा भोंगा व्हायला आणि डॉक्टरांची गाडी थांबायला एकच गाठ पडली. आधी उतरली त्यांची म्हातारी आई, मांडीवर जपून आणलेला ॲल्युमिनियमचा डबा घेऊन. "डबे गेले की परत येत नाहीत," आम्हाला बजावून म्हणाली, "म्हणून मी जातीनं आले." डब्यात दुधातला चायना ग्रास, खरवसासारखा थिजवलेला, घट्ट, पांढराशुभ्र, आतलं डोळ्यांना काही दिसणार नाही असा. तो त्यांच्या आईनंच रांधला होता आणि डॉक्टरांनी थिजायच्या आत त्यात आपली रहस्यं सोडली होती.

आम्ही तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून भोकातून पाण्यात सोडला. गाळ्यात काय गर्दी! शेठ आपले कामगार घेऊन आलेले, तोंडात घास तसेच. वहिनी भिंतीला टेकून उभी. मी पॅडल मारलं, आयुष्यात मारलं नसेल इतकं एका लयीत. मग फिल्म घेऊन मोरीत. बाहेरून म्हातारीचा आवाज येत होता, "अगो, फार वेळ पाण्यात ठेवू नका, बुळबुळीत होईल!"

ओला फोटो बाईंनी खिडकीशी धरला. टेस्टरचं टोक एकेका जागी टेकवत म्हणाल्या, "हे पाणी. हेही पाणी. हे भरीव, गोल, बोराएवढं."

डॉक्टरांच्या भुवया चढल्या. "शाबास. रबरी हातमोज्याची दोन बोटं, पाणी भरून गाठ मारलेली. आणि उकडलेल्या बटाट्याची गोळी. बाई, मी..."

"थांबा. माझं संपलं नाही. हे चौथं. कडेला. लहान, भरीव, वाकडं."

"चौथं नाही. मी तीनच घातलीत."

"चार आहेत."

"बाई, माझ्या हातानं घातलीत. तीन!"

मी वहिनीकडे पाहिलं नाही, पाहवलंच नाही. यंत्र नसलेली गाठ दाखवतंय, म्हणजे संपलंच की! डॉक्टरांचा चेहरासुद्धा पडला होता. त्यांनाही कुठंतरी बाई जिंकायला हव्या होत्या, असं मला तेव्हा वाटलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "कापा."

शेठनं सुरी दिली. एक बोट निघालं, दुसरं निघालं, बटाटा निघाला, सगळे फोटोतल्या जागी. डॉक्टरांनी सुरी कडेला नेली, तोच म्हातारी कळवळून म्हणाली, "अरे, थांब थांब, मी सांगते!"

"काय सांगतेस आई?"

"काजू आहे तो."

"काजू?"

"मग काय करू? लोकांच्या घरी जायचं आणि चायना ग्रास तसाच बोडका न्यायचा? तू म्हणालास यंत्राला द्यायचाय. यंत्र झालं म्हणून काय झालं? तू पाठ फिरवलीस तेव्हा हळूच एक टोचला."

सुरी फिरली. कडेला, लहान, भरीव, वाकडा. काजू!

मंडळी, त्यानंतर त्या गाळ्यात जो गलका झाला तो आठवला की अजून माझे कान तृप्त होतात. कामगारांनी झाकणं बडवली. शेठ "बेन! अरे बेन!" एवढंच म्हणत राहिले. जेवणाची सुट्टी कधीच संपली होती, पण प्रेस चालू करायचं कुणालाच सुचलं नाही. बाईंनी तो काजू उचलला, नळाखाली धुतला, नखानं त्याच्यावर टकटक केलं आणि खाऊन टाकला.

या सगळ्या दंग्यात वहिनी पुढं झाली. मंगळसूत्र तिनं स्वतःच पाठीवर फिरवलं होतं. "बाहेर व्हा रे पुरुष सगळे," म्हणाली. आणि मला, "चला वन्सं. आता माझा चायना ग्रास."

मग पुन्हा मी फिल्म घेऊन मोरीत. तांबड्या दिव्याखाली कागदावर आधी धुकं आलं, मग कडा आल्या. मग मधोमध एक गोल. काळा. मी वाट पाहत राहिले, राखाडी होतो की काय, होतो की काय. नाही झाला. काळाकुट्टच राहिला, आणि पलीकडची कड अशी लखलखली की मी मोरीतूनच ओरडले, "बाई, पाणी! पाणी आहे!" शेठचा एक कामगार बादली घेऊन धावला.

डॉक्टरांनी फोटो बराच वेळ खिडकीशी धरला. बाई म्हणाल्या, "मी पाणी म्हणते. पण फोटो म्हणजे फोटो. खरं तुमच्या सुईला विचारा."

सोमवारी वहिनी इस्पितळात गेली ती भूल न घेता. ऑपरेशनच्या खोलीत नाही, शेजारच्या छोट्या खोलीत. तिचा हात माझ्या हातात, आणि पायाशी बाई. सुई आत गेली. डॉक्टरांनी दट्ट्या मागे ओढला, आणि नळीत फिकट पिवळं पाणी चढायला लागलं. चढलं, चढलं, भरलं. डॉक्टरांनी सुई काढून त्या जागी बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. त्या नामांकित बोटांना तिथं काहीच सापडेना.

वहिनी उताणी पडल्या पडल्या म्हणाली, "काय शोधताय डॉक्टर? काही हरवलं?"

आणि ती हसायला लागली. हसता हसता रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, "घरी धाकट्याला भूक लागली असेल वन्सं, चला." ते पाणी तपासायला पाठवलं, तेही निर्मळ निघालं.

पुढं डॉक्टर आपल्याकडे येणाऱ्या पेशंट बायका आमच्याकडे धाडू लागले. सगळ्याच गाठी पाण्याच्या नसत. राखाडी चित्र आलं की बाई त्या बाईशेजारी बाकड्यावर बसत, टेस्टर अंबाड्यातून काढून बाजूला ठेवत आणि तिचं सगळं ऐकून घेत. पण त्या बाईलाही झोपण्याआधी कळलेलं असे. विचारल्याशिवाय कुणाला फोडलं गेलं नाही. शेठ तर वसाहतीत आलेल्या-गेलेल्याला आमचं दार दाखवत, "आपलाच यंत्र हाय." आता कोपऱ्याकोपऱ्यावर सोनोग्राफीच्या पाट्या दिसतात, आणि दरवेळी माझ्या तोंडाला काजूची चव येते.

पण त्या सोमवारचं एक सांगायचं राहिलंच. खोलीतून निघताना डॉक्टर दाराशी उभे राहिले. रुबाब कुठं गेला होता कोण जाणे. म्हणाले, "बाई, टेबलाचं खरं निघालं. परवा पाय मोडला, आत नुसता भुसा. बरं, आता माझी परीक्षा झाली का?"

बाईंनी त्यांच्याकडे वर पाहिलं. मग मधलं बोट वाकवून, भर इस्पितळात, नर्सा बघताहेत, कंपाउंडर बघतोय, मी बघतेय, डॉक्टरांच्या छातीवर टकटक केलं. कान टेकवला. डोळे मिटले.

"भरीव आहे," म्हणाल्या. "चालेल."